माळावरचे पक्षी मोजताना ऊस झालेली रेषाही चालायची

प्रश्न निपाणीकडच्या एका विद्यार्थ्याचा आहे. तो बेळगावात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्याने लिहिलंय: "चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातल्या माळरानांवर मार्चअखेरपासून दोन वर्षं पक्षी मोजायचे आहेत. माझ्याकडे मोटारसायकल आहे, ८×४२ची दुर्बीण आहे. कुठल्या महिन्यांत जावं, किती जागा घ्याव्यात, गवताचं नेमकं काय मोजावं? आणि एखादी जागा मधेच नांगरली गेली, तर तिच्या बदली दुसरी घेतली तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः सहा वर्षं घालवून बसलोय. नाही चालणार.

रायबाग आणि अथणीच्या मधल्या माळांवर मी पहिल्यांदा रेषा आखल्या तेव्हा त्या दहा होत्या. प्रत्येकी एक किलोमीटर, सकाळी चालायचं आणि दोन्ही बाजूंचे पक्षी लिहायचे. तिसऱ्या वर्षी दोन रेषांवर पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. उभ्या उसात चालणार कसं? म्हणून त्या सोडल्या आणि जवळच जिथे गवत शिल्लक होतं तिथे दोन नव्या घेतल्या. पाचव्या वर्षी आणखी एका रेषेचं तेच झालं, मीही तेच केलं. सहाव्या वर्षाअखेरीला आकडे मांडले तर डोंबारी चंडोल जिथल्या तिथे आणि माळटिटवी चक्क थोडी वाढलेली. मी खूश होतो. मग एका संध्याकाळी जुन्या आणि नव्या रेषा एकाच नकाशावर ठेवल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. माझ्या रेषा उसापुढे पळत होत्या. मी माळ मोजतच नव्हतो, उरलेल्या माळाचा चांगला तुकडा शोधून तेवढाच मोजत होतो. तिथे पक्षी असणारच.

तेव्हा एकदा रेषा आखली की ती तुमची. तिच्यावर ऊस येवो, वीटभट्टी येवो, नाहीतर सौरऊर्जेचं कुंपण येवो. आत जाता येत नसेल तर सगळ्यात जवळच्या पाणंदीने किंवा बांधाने चाला, तेवढीच वेळ द्या, आणि 'ऊस, कडेने' असा शेरा मारून जे दिसेल ते लिहा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. कोरी जागा ठेवू नका. कोरी जागा म्हणजे तुम्ही गेला नाहीत. शून्य म्हणजे तुम्ही गेलात आणि पक्षी नव्हता. ऊसतोड झाली की पुन्हा मूळ रेषेवर चाला. नवी जागा घ्यायचीच असेल तर ती जादा म्हणून घ्या, तिला नवा क्रमांक द्या, जुनीच्या गणतीत मिसळू नका. आणि कडेने केलेली फेरी उघड्या माळावरच्या फेरीच्या बरोबरीची धरू नका. बांधावरून उसात पाच मीटरही दिसत नाही.

आता महिने. आपला बेळगाव जिल्हा पावसाच्या बाबतीत विचित्र आहे. एकाच जिल्ह्यात कणकुंबीचा धो धो पाऊस आहे आणि अथणीची कोरड आहे. खानापूर-जांबोटीकडचे जांभ्याचे सडे आणि अथणीकडचे मुरमाड माळ यांना एकाच वेळापत्रकात बसवू नका. जुलैत सड्यावर ढग इतका खाली येतो की हातातली काठी दिसत नाही. तुम्ही पूर्वेचा पट्टा निवडलाय ते बरं केलंत. तिथे वर्षाचे चार माळ असतात असं समजा.

पहिला उन्हाळ्याचा, एप्रिलपासून मे मध्यापर्यंत. गवत संपलेलं असतं, जमीन उघडी असते. बघणाऱ्याला वाटतं इथे काही नाही. पण माळटिटवी, धाविक आणि करवानक यांना नेमकी हीच जमीन अंड्यांसाठी हवी असते. माळटिटवी तर जमिनीच्या रंगाची साधारण चार अंडी खड्यांमध्ये उघडी ठेवते, घरट्याच्या नावाला नुसता खळगा. डोंबाऱ्याची कसरत याच दिवसांत बघावी: सरळ वर चढायचं, पंख मिटून दगडासारखं खाली यायचं, जमीन लागेल असं वाटतानाच सावरायचं. नाव उगीच पडलेलं नाही. वळीव पडायला लागला की शेतकरी औतं काढतात आणि पडीक रानात घातलेली अंडी नांगराखाली जातात. म्हणून या हंगामातली निदान एक फेरी वळवाच्या आधी व्हायलाच हवी, आणि दुसरी पहिल्या वळवानंतर आठवड्याभरात.

दुसरा माळ पावसाचा, जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. गवत गुडघ्याला येतं, लावे ओरडायला लागतात, तितर ओरडतात, चंडोल आकाशात टांगल्यासारखे गातात. या हंगामात तुमचे आकडे फुगणार. घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पक्षी वाढलेले नसतात, बोलायला लागलेले असतात. पावसाळी लावा जानेवारीत तुमच्या बुटाखालून उडेपर्यंत कळत नाही, आणि ऑगस्टमध्ये अर्ध्या फर्लांगावरून ऐकू येतो. म्हणून पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करायची, जानेवारीची जानेवारीशी. प्रत्येक नोंदीपुढे 'दिसला', 'ऐकला' की 'उठला' हे एका अक्षरात लिहा. द, ऐ, उ. पुढे हिशेब करताना ही तीन अक्षरं सोन्याच्या मोलाची ठरतात.

तिसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. गवत पिकतं, कुसळी पिवळी पडते आणि पाहुणे येतात. शिकारी भोवत्या येतात, पाहुणे चंडोल थव्याने येतात. भोरड्या तर त्याआधीच, ऑगस्ट-सप्टेंबरात येऊन बसलेल्या असतात. चौथा डिसेंबर ते फेब्रुवारीचा, म्हणजे शाळूचा. काळ्या रानात शाळू कणसावर आला की भारीटांचे थवे बघा. नर पिवळेजर्द, डोकं काळं, आणि माद्या मातकट. माद्यांच्या मागे लागून जात ठरवायचा हट्ट धरू नका. काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारीटाच्या माद्या भल्याभल्यांना चकवतात. 'भारीट, जात नक्की नाही, अंदाजे ३००' ही नोंद प्रामाणिक आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळी फेरी नको, पण चक्कर मारा. त्या दिवसांत गवत पेटवतात. कुठली रेषा जळली, केव्हा जळली, किती जळली एवढंच लिहायचं. हे लिहून ठेवलं नाही तर एप्रिलची रिकामी जमीन चराईने झाली की आगीने, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

किती जागा? माझा हिशेब असा. चार माळ घ्या, प्रत्येक माळावर तीन रेषा, रेषा किलोमीटरची, दोन रेषांमध्ये निदान ४०० मीटर अंतर. एकूण बारा. एका सकाळी तीन रेषा होतात, म्हणजे एक माळ. प्रत्येक हंगामात प्रत्येक माळ दोनदा, म्हणजे आठ सकाळी. चार हंगामांच्या ३२ सकाळी, ९६ फेऱ्या. कॉलेज सांभाळून एका माणसाला वर्षाला एवढंच झेपतं. वीस माळ एकेकदा बघून आलेला विद्यार्थी यादी मोठी आणतो, पण त्या यादीतून उत्तर निघत नाही.

माळ निवडताना नजरेला आवडला म्हणून घेऊ नका, आणि रस्त्याकडेचा तर मुळीच नको. उपग्रहाच्या जुन्या-नव्या प्रतिमा संगणकावर बघा, मोकळ्या जागांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाका. चारांतला एक तरी गायरानाचा असावा, एक शेतांमधल्या पडीक रानाचा, आणि एक असा की जिथे चर मारून झाडं लावलीत. शेवटचा नाखुशीने घेतला जातो, पण तो फार शिकवतो. सरकारी कागदावर माळाला 'पडीक जमीन' म्हणायची सवय जुनी आहे; देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली पहिल्यांदा निघाला, त्यात माळ आणि झुडपी रानंही आलीच. पडीक म्हटलं की ती सुधारायची, आणि सुधारायची म्हणजे झाडं लावायची. एका टेकडीवर गिरिपुष्पाची रोपं लागली तेव्हा मला वाटलं, लागतील थोडी, बिघडत काय? चार वर्षांत रोपं डोक्याच्या वर गेली. त्या टेकडीवर बुलबुल आले, सातभाई आले, पक्ष्यांच्या जाती मोजल्या तर वाढल्या. धाविक मात्र गेला तो गेला. जातींची संख्या हा माळाचा ताप मोजायचा थर्मामीटर नव्हे, हे तिथे कळलं. कोणत्या जाती, ते बघायचं.

आता चालायचं कसं. उजाडल्यावर अर्ध्या तासात सुरुवात, साडेनऊला बंद. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातला उगवतो, तेव्हा सव्वासातला सुरू केलं तरी चालतं. किलोमीटरला पाऊण तास धरा. वारा इतका असेल की गवत सतत आडवं पडतंय, तर परत या. चंडोलाचा आवाज वाऱ्यात जातो आणि तुमचा आकडा त्याच्याबरोबर. प्रत्येक पक्षी पहिल्यांदा जिथे दिसला तिथून रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर लिहायचं, तुमच्यापासूनचं नव्हे. अंतरमापक यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर घरामागच्या मैदानात २५, ५० आणि १०० मीटरवर काठ्या रोवून आठवडाभर डोळा तयार करा. अंतर कशासाठी? लांबचे पक्षी आपल्या नजरेतून निसटतात. किती निसटले याचा अंदाज अंतरांवरून काढता येतो. पण त्यासाठी एका जातीच्या निदान ६० ते ८० नोंदी लागतात. डोंबाऱ्याच्या तेवढ्या तुम्हाला वर्षात मिळतील. धाविकाच्या मिळणार नाहीत. त्याच्यासाठी 'या फेरीत होता की नव्हता' एवढंच धरा आणि त्यावर समाधान माना. डोक्यावरून नुसते उडून गेलेले पक्षी वेगळे लिहा, घारी आणि पाकोळ्या रेषेत घेऊ नका.

पखुर्डी रेषेवर मोजली जात नाही. ती जमिनीशी इतकी एकजीव असते की दोन मीटरवर येईपर्यंत बसून राहते. तिला पाण्यावर मोजा. उन्हाळ्यात उरलेला एखादा तलाव किंवा खाणीतलं पाणी हेरा आणि सकाळी आठपासून दहापर्यंत लांब बसून राहा. पोटाखाली तपकिरी असलेली पखुर्डी थव्याने, वेळेवर, आवाज करत येते. रंगीत पखुर्डी झुंजूमुंजू असताना नाहीतर दिवस मावळल्यावर येते, आणि तोवर तुम्ही कंटाळून उठलेले असता. नर पोटाची पिसं भिजवून पिलांना पाणी नेतो, ते बघायला मिळालं तर त्या दिवशीचं काम संपलं असं समजायला माझी हरकत नाही.

गवताकडे येतो. खरं तर हे आधी लिहायला हवं होतं, कारण विद्यार्थी इथेच हात आखडतात. पक्षी मोजण्यात मजा आहे, गवत मोजण्यात पाठ दुखते. पण गवताशिवाय पक्ष्यांचा आकडा मुका असतो. रेषेवर दर १०० मीटरला थांबा, म्हणजे दहा थांबे. आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे पाच पावलं जा आणि एक मीटर गुणिले एक मीटरची दोरीची चौकट जमिनीवर ठेवा. फेकू नका, फेकणाऱ्याचा हात नकळत चांगल्या गवताकडे जातो. चौकटीत उघडी जमीन किती टक्के, दगड किती, उभं गवत किती, वाळकं पडलेलं किती, गाजर गवत आणि इतर तण किती. सगळ्यात जास्त असलेल्या गवताचं नाव. कुसळी, पवन्या, मारवेल, हरळी एवढी चार आली तरी सुरुवात होते. ओळखता आलं नाही तर तुरा तोडून कागदात दाबा, वर रेषेचा क्रमांक घाला आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे न्या. लेंड्या आणि शेण आहे का नाही, तेही लिहा. चराईचा तो सगळ्यात स्वस्त पुरावा.

उंचीसाठी काठी करा. दीड मीटरची, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे. एकाने ती गवतात उभी धरायची, दुसऱ्याने चार मीटरवर जाऊन, डोळे जमिनीपासून एक मीटरवर येतील इतकं वाकून बघायचं, आणि खालून किती पट्टे गवतात पूर्ण बुडाले ते लिहायचं. चारी दिशांनी बघून सरासरी काढा. ही उंची पट्टीने मोजलेल्या उंचीपेक्षा जास्त बोलते, कारण लाव्याला लपायला गवत उंच असून भागत नाही, दाट लागतं. शिवाय प्रत्येक रेषेवर दोन ठिकाणांहून फोटो, दरवेळी त्याच खुणेवरून, त्याच दिशेला, दहा मीटरवर काठी उभी. चार हंगामांचे चार फोटो शेजारी ठेवले की परीक्षकाला तुमचं अर्धं प्रकरण वाचावं लागत नाही.

पूर्वेकडे तुम्हाला एक गोष्ट हमखास भेटेल: बकरी. आपल्याकडे मेंढ्यांनाच बकरी म्हणतात हे बाहेरच्या मार्गदर्शकांना आधीच समजावून सांगा, नाहीतर प्रबंधात शेळ्या घुसतील. बाळूमामांच्या बकऱ्यांचा एखादा तळ माळावरून गेला की आठ दिवसांत काठीवरचे पट्टे चाराचे दोन होतात. त्यात वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. धाविक आणि माळटिटवीला चरलेली, आखूड गवताची जमीनच लागते. लाव्याला आणि तितराला नको असते. सगळी चराई बंद करा असं लिहून प्रबंध संपवणारे असतात. त्यांनी चराई बंद केलेला तुकडा पाचव्या वर्षी जाऊन बघितलेला नसतो. तिथे घाणेरी आणि वेडी बाभूळ बसलेली असते. माळ टिकतो तो कधी चरलेल्या, कधी सोडलेल्या तुकड्यांच्या गोधडीसारखा. म्हणून तळ कधी आला, किती दिवस राहिला हे धनगरांना विचारून लिहा.

विचारण्याचीही रीत आहे. एकदा चिक्कोडीकडच्या माळावर मी चौकट मांडून गुडघ्यावर बसलो होतो, तर मागून आवाज आला, "काय हरवलंय वो तुमचं?" म्हातारे धनगर होते. काय मोजतोय ते सांगितलं तर म्हणाले, "गवत मोजून काय करताव, बकऱ्यास्नी विचारा की." तिथून पुढे तासभर त्यांनी मला कुठल्या उतारावरचं गवत बकरी आधी खातात आणि कुठलं शेवटपर्यंत सोडतात ते दाखवलं. माझ्या चौकटींनी तेच सांगायला दीड वर्ष घेतलं. अशा माणसांना पक्ष्याचं नाव देऊन 'हा आहे का?' असं विचारू नका, होय म्हणतील, तुमचं मन राखायला. वर्णन त्यांनाच करू द्या. नावंही गावागणिक बदलतात, आणि अर्ध्या गावांत ती कन्नड असतात. माळढोकाला कन्नडमध्ये एरेभूत म्हणतात. एरे म्हणजे काळी माती. काळ्या रानातलं भूत. म्हाताऱ्या माणसांना 'एरेभूत बघितलायसा का?' म्हटलं तर डोळे चमकतात, माळढोक म्हटलं तर चमकत नाहीत. पण अशी ऐकीव आठवण वेगळ्या वहीत लिहा, गणतीच्या वहीत नाही.

माळढोक आणि तणमोर दिसेल या आशेवर काम आखू नका. सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, कागदावर ते ८,००० चौरस किलोमीटरच्या वर होतं, तरी पक्षी उरला नाही म्हणावा इतका कमी झाला. आपल्या बाजूला, राणेबेन्नूरलाही तो एकेकाळी होता. तणमोर पावसाळ्यात गुजरात-राजस्थानच्या गवतात नाचतो. आपल्याकडे दिसला तर वाटसरू म्हणून. तुमचं काम साध्या पक्ष्यांचं आहे, आणि तेच मोलाचं आहे. २०२३ साली देशातल्या ९४२ जातींचा जो आढावा निघाला, त्यात गवताळ आणि मोकळ्या रानातल्या पक्ष्यांची घसरण ठळक दिसली. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख, जो आपल्याला तारेवर रोज दिसतो असं वाटतं, तोही घटणाऱ्यांत आहे. रोज दिसणाऱ्यालाच कोणी मोजत नाही.

भोवत्यांबद्दल वेगळं सांगावं लागेल. हे शिकारी पक्षी कझाकस्तान-रशियाच्या गवताळ प्रदेशांतून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. दिवसभर एकटे फिरतात, पण रात्री जमिनीवर, उंच गवतात, एकत्र झोपायला येतात. त्यामुळे त्यांना मोजायची जागा म्हणजे झोपायचा माळ. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेपाचला पोहोचा, गवतापासून निदान २०० मीटरवर, पाठीशी सूर्य ठेवून बसा, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत दर पाच मिनिटांनी किती उतरले ते लिहा. उतरलेला पक्षी पुन्हा उठतो आणि दुसरीकडे बसतो, म्हणून उठलेले वजा करायला एक वेगळा रकाना ठेवा. दोघे असाल तर समोरासमोर बसा. राखाडी नर ओळखता येतात: माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर काळी रेघ असते, पांढुरक्या भोवत्याच्या पंखाच्या टोकाला नुसती काळी पाचर. पण अर्ध्याहून जास्त पक्षी तपकिरी माद्या आणि पिलं असतात, आणि मावळतीच्या उजेडात त्यांची जात सांगणारा एकतर फार थोर असतो नाहीतर थापाड्या. 'भोवत्या, जात नक्की नाही' हा रकाना मोठा ठेवा. सकाळी सगळे उठून गेल्यावर खाली पडलेल्या, त्यांनी न पचलेलं ओकून टाकलेल्या गोळ्या गोळा करा, त्यांत नाकतोड्यांचे पाय आणि उंदरांची हाडं सापडतात. रोज मात्र नको, महिन्यातून एकदाच. आखूड कानाचं घुबडही कधी तिथेच झोपलेलं असतं.

त्या जागेचा नेमका ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी सहा गाड्या गवतात शिरलेल्या असतील. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि ठिकाणा फोडणारा मीच होतो. घरट्यांचंही तसंच. अंडी दिसली तर लांबून मोजा, मिनिटभरात निघा, आलात त्या वाटेने परत न जाता पुढे चालत राहा, आणि कावळा बघत असेल तर थांबूच नका. दगड रचून खूण करण्याची हुशारी नको.

परवानगीचं सांगतो, पटकन. वनखात्याच्या जमिनीवर पाय ठेवायच्या आधी लेखी परवानगी. गायरानासाठी पंचायतीत जाऊन पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटा. कॉलेजचं पत्र कन्नडमध्ये घ्या, मराठीची प्रत सोबत ठेवा. यात अस्मितेचा प्रश्न करू नका. कचेरीत कन्नड पत्राने पाच मिनिटांत होणारं काम दुसऱ्या कशानेही होत नाही, आणि माळावर भेटणारा माणूस दोन्ही बोलतो. सांबऱ्याच्या विमानतळाच्या आणि लष्करी हद्दीच्या जवळपास दुर्बीण गळ्यातही ठेवू नका. तिथलं गवत फार सुंदर आहे. विसरा ते.

पायांत नायलॉनची गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत येणारी आवरणं घाला, सुती मोज्यात नोव्हेंबरची कुसळं अशी घुसतात की संध्याकाळी मोजे टाकूनच द्यावे लागतात. फुरसं मुरमात दिसत नाही, दगड उलटवायची सवय असेल तर सोडा. वळवाच्या दिवसांत ढग काळा झाला की काठी आडवी करा आणि एकट्या हिवराच्या झाडाखाली उभं राहू नका. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही नाहीतर ते झाड असतं. धनगरांची कुत्री मोठी आणि कर्तव्यदक्ष असतात. आधी लांबून हाक मारायची, मग जायचं.

वही कागदाचीच ठेवा, पेन्सिलीने लिहा, आणि त्याच संध्याकाळी फोटो काढून घरी पाठवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायला काहीच हरकत नाही, उलट टाकाच, प्रत्येक रेषेची वेगळी यादी करून. पण ती तुमच्या वहीची जागा घेत नाही, कारण तिच्यात गवत नाही.

तुम्ही लिहिलंय मार्चअखेर सुरू करणार. मग पहिली फेरी वळीव पडायच्या आत बसते. त्याआधी एक दिवस नुसता बारा रेषा चालून या, काही न मोजता, कुठे कुंपण आहे आणि कुठे कुत्रं आहे ते बघायला. आणि काठी आताच रंगवून ठेवा. लाल ऑइलपेंट वाळायला दोन दिवस लागतात, माझ्या पहिल्या काठीचे पट्टे अजून त्या वर्षीच्या पँटवर आहेत.